नऊ नंबरचा ससा

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं हे मला अजून नीट कळत नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि पुढं बरीच वर्षं हातात पेन्सिलसुद्धा धरली नाही. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. कागदही धड नाही. प्रयोगशाळेतली जुनी वही आहे, मागची पानं कोरी राहिली म्हणून डॉक्टरांनी मला देऊन टाकली. पानांवर ससा, वजन, ताप, जखम, शेरा असे खाने आखलेले आहेत. मी त्या खान्यांवरूनच लिहिते आहे, म्हणून ओळी मधेच तुटल्यासारख्या दिसतील.

आज पगार झाला. घरी येऊन हातपाय धुतले, भाकरी टाकल्या, आणि मग दमून नुसती बसून राहिले. हे दमणं आजचं नाही. दोन वर्षांहून जास्त झाली.

आम्ही मूळचे माण भागातले. यजमान कासारवाडीच्या स्टेशनाजवळ एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. एक दिवस गाडीवरून सागाचा ओंडका उतरवताना दोर सुटला आणि ओंडका त्यांच्या उजव्या पायावर आला. नडगीचं हाड मोडलं. वखारवाल्यानं पंधरा दिवसांची मजुरी घरी पाठवली आणि मग तो विषय संपला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप दिला, दीड महिन्यानं सोडल्या. पाय जिथं मोडला होता तिथं हलायचा. पुन्हा बांधल्या. पुन्हा सोडल्या. हाड धरलंच नाही. तो तरणा माणूस दाराशी पाय लांब करून बसायचा आणि येणारी-जाणारी गाडी आवाजावरून ओळखायचा. त्याला दुसरा उद्योग नव्हता.

म्हणून मी काम बघितलं. मला माणसांत बोलता येत नाही. नळावर बायका बोलत असल्या की मी घागर भरून निघून येते. चिंचवडला एका जुन्या बंगल्यात प्रयोगशाळा होती. एक डॉक्टर आणि त्यांचा भागीदार, दोघांची. औषधाच्या बाटल्या विकायला जायच्या आधी त्यातलं थोडं औषध सशाला टोचायचं आणि त्याला ताप येतो का ते बघायचं, असलं तिथलं काम. ससे सांभाळायला बाई हवी होती. डॉक्टरांनी विचारलं, "आकडे लिहिता येतात?" मी मान हलवली. "बडबड करता?" मी काहीच बोलले नाही. ते म्हणाले, "उद्यापासून या."

मला ते काम जमलं. ससा ओरडत नाही, आणि त्याला आपल्याकडून बोलणं नको असतं. सकाळी पिंजऱ्याखालचे पत्रे धुवायचे, भिजवलेले हरभरे आणि लसूणघास घालायचा, एकेकाला ताजव्यात बसवून वजन घ्यायचं, ताप बघायचा, वहीत लिहायचं. सशांना नंबर असत. अंगावर पिवळ्या औषधाचे ठिपके देऊन नंबर घालायचे. डोक्यावर ठिपका म्हणजे एक, पाठीवर म्हणजे दोन, असं. ते औषध पंधरा दिवसांत पुसट व्हायचं, मग मी काडीला कापूस गुंडाळून पुन्हा द्यायची. माझी बोटं कायम पिवळी असायची. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं कुणाला काही दिसलं नाही ते यामुळंच.

लसूणघास आणणाऱ्या मावशी चिंचवडच्याच जुन्या शेतकरी घरातल्या. घासाचा भारा डोक्यावरून दाणकन आपटायच्या आणि पायरीवर बसून तंबाखू मळायच्या. मी बोलत नाही याचं त्यांना काही नव्हतं. दोघींचं त्या एकट्याच बोलायच्या.

एक दिवस पुण्याहून हाडांचे एक डॉक्टर आले. त्यांना मी मोठे डॉक्टर म्हणेन, म्हणजे घोटाळा होणार नाही. त्यांनी टेबलावर एक डबी उघडली. आत चकचकीत पोलादाची एक पट्टी होती, तिला भोकं, आणि बारके स्क्रू. मोडलेल्या हाडावर ही पट्टी ठेवायची आणि स्क्रू पिळून हाड आवळायचं. पट्टी आतच राहते, वरून मांस आणि कातडी भरून येते. आत्तापर्यंत त्या पट्ट्या परदेशातून यायच्या. महाग, आणि महिनोन्महिने यायच्याच नाहीत. आता चिंचवडातल्याच एका कारखानदारानं तशी पट्टी करून दाखवली होती.

"दिसायला तशीच आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण माणसाच्या अंगात ठेवायची. अंगाला चालेल का, ते तुमच्या सशांना विचारायचंय."

आमचे डॉक्टर हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "या बाईंचे यजमान असेच बसून आहेत. हाड धरलं नाही." मला जमिनीत जावंसं वाटलं.

मोठ्या डॉक्टरांनी यजमानांना पुण्याला बोलावून हाडाचा फोटो काढला. म्हणाले, "आतून पट्टी बसवल्याशिवाय हे जुळायचं नाही. परदेशी पट्टीचे पैसे तुम्हाला झेपणार नाहीत. कारखानदार पहिली पट्टी फुकट देणार आहे. सशांचं काम नीट पार पडलं तर ती यांना बसवू. तीन महिने थांबा."

म्हणजे ससे चांगले राहिले तर आमचा पाय बरा होणार होता. हे असं माझ्या डोक्यात बसलं. कुणी तसं म्हणालं नव्हतं.

बारा ससे घेतले. डॉक्टरांनी त्यांना गुंगी देऊन पाठीवरचे केस भादरले आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसात काडेपेटीतल्या काडीएवढे तुकडे घातले. डावीकडं परदेशी पोलादाचा, उजवीकडं इथल्या. दोन टाके. म्हणजे एकाच सशात दोन्ही बघायला मिळतात, एक दुसऱ्याचा साक्षीदार. मी दिवा धरून उभी होते. डॉक्टर मला म्हणाले, "रोज जखम बघायची. कोरडी, लाल, सूज, पू, यातलं जे असेल ते लिहायचं. बाकी काही करायचं नाही." बाकी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मी कधीच काही विचारत नसे.

आठ-दहा दिवसांत डावीकडच्या जखमा सुकल्या. उजवीकडं मात्र एकेक करत बाराही सशांना सूज आली. हात लावला की ससा अंग आक्रसून घ्यायचा. मी लिहिलं, सूज. दुसऱ्या दिवशी लिहिलं, सूज. त्या दिवशी मावशी मागून येऊन वाकून बघायला लागल्या.

"आगं आयाया! ह्ये काय करून ठिवलंय बिचाऱ्यांचं! आन् तू नुसती लिवत बसलीस व्हय?"

मी म्हटलं, "साहेबांनी लिहायला सांगितलंय."

"लिवल्यानं सूज उतरती व्हय गं? हळद लाव की. तुझ्या घरी पोराला खरचटलं तर वही काढतीस का हळद?"

आम्हाला पोर नाही. मावशींना ते ठाऊक होतं, पण तोंडातून गेलं. त्यांनी जीभ चावली आणि तंबाखूची चंची कमरेला खोचून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी घरून पुडीत हळद नेली. खोबरेल तेलात कालवून जिथं जिथं सूज होती तिथं लावली. बोटं पिवळी होतीच, सशांच्या अंगावर ठिपके पिवळे होतेच. डॉक्टर दिवसातून एकदा येत, लांबून बघत आणि वही बघत. जखम झाली की हळद लावायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, जसं तहान लागली की पाणी प्यायचं हे कुणी शिकवत नाही. त्यात मी काही वेगळं करते आहे असं मला वाटलं नाही. हे पहिल्या दिवसापुरतं खरं आहे. पुढं मी रोज लावायची ती डॉक्टर यायच्या आधी, आणि पुडी कनवटीला लपवायची. म्हणजे कुठंतरी ठाऊक होतं. सशांची दया आली म्हणून लावली, की यजमानांच्या पट्टीसाठी लावली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. अजून नीट सांगता येत नाही.

सूज उतरायला लागली. मी वहीत लिहायला लागले, कोरडी. ते खोटं नव्हतं, जखम कोरडीच होती.

फक्त नऊ नंबरचा ससा मला हात लावू देत नसे. मोठा, राखी रंगाचा होता. पिंजऱ्यात हात घातला की अंगावर यायचा. दोनदा माझ्या अंगठ्याला कडकडून चावला. त्याला मी हळद लावलीच नाही. त्याच्या खान्यात मी लिहीत गेले, सूज, सूज, पू.

तीन महिने झाले. मोठे डॉक्टर पुण्याहून आले. ससे मारून, मांस उघडून, तुकडे काढून बघायचे होते. ते मी लिहीत नाही. सशांच्या कामात तो दिवस येतोच, आणि त्या दिवशी मी घरी गेल्यावर जेवत नसे. आमचे डॉक्टर एकेक उघडत होते आणि मोठे डॉक्टर भिंगातून बघत होते.

"डावी स्वच्छ. उजवी थोडी घट्ट आहे, पण ठीक. चालेल."

"ही पण ठीक."

मग नववा उघडला. उजवीकडच्या तुकड्याभोवती मांस काळं पडलं होतं आणि पू होता. मोठ्या डॉक्टरांनी वही उलटून नऊचा खाना बघितला.

"हा पहिल्यापासूनच असा दिसतो," ते म्हणाले.

"एखादा निघतो असा," आमचे डॉक्टर म्हणाले. "मोठा दांडगट होता तो. पिंजऱ्याला घासून जखमेत घाण गेली असेल. बाकी अकरा बघा ना."

"अकरा चांगले आहेत," मोठे डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले. पुसता पुसता मला म्हणाले, "बाई, येत्या गुरुवारी यजमानांना घेऊन या. रिकाम्या पोटी आणा."

मी दिवा धरून उभी होते. डॉक्टर म्हणाले, "दमलात. ठेवा तो दिवा." मी दिवा ठेवला. नऊ नंबरचा ससा एकटा वाईट निघाला नव्हता. एकटा त्यालाच मी हात लावला नव्हता. त्या बारांतला तेवढा एकच खरं सांगत होता, आणि हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं.

घरी येऊन गुरुवारचं सांगितलं. यजमान कितीतरी महिन्यांनी हसले.

"आता लोखंडी पाय होणार माझा," ते म्हणाले. "आजपासून तुझ्या लाटण्याला भीत नाही."

मी हसले नाही. ते म्हणाले, "अगं, काय झालं? रिकाम्या पोटी मला राहायचंय, तू का जेवत नाहीस?"

"ससे मारले आज."

"मग आपल्यासाठी एखादा तरी आणायचास!" आणि स्वतःच्याच विनोदावर पुन्हा हसले. त्यांच्या पायाकडं मला बघवेना. नडगी बारीक झाली होती, मधे उंचवटा. त्या उंचवट्यात ती पट्टी जाणार होती. आणि माणसाच्या आत हळद पोचत नाही.

मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. सोमवार, मंगळवार मी तसंच काढलं. बुधवारी सकाळी लवकर गेले. डॉक्टर यायचे होते. तोंडानं सांगायला गेले असते तर मला ते जमलं नसतं, नुसती उभी राहिले असते आणि ते म्हणाले असते, काय पगार वाढवून हवा का. म्हणून वही घेतली आणि शेऱ्याच्या खान्यात, एकपासून बारापर्यंत, ज्यांना लावली त्या प्रत्येकापुढं लिहिलं, हळद व खोबरेल लावले, रोज. नऊपुढं लिहिलं, चावतो म्हणून लावले नाही. मग वही टेबलावर उघडी ठेवून मी पत्रे धुवायला गेले.

थोड्या वेळानं हाक आली. "बाई, हे काय लिहिलंय?"

मी दारात उभी राहिले.

"हळद? कोणी सांगितलं?"

मावशींचं नाव मी घेतलं नाही. म्हटलं, "मीच."

"रोज?"

"रोज."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले. मग म्हणाले, "बाई, मला धातूचा गुण बघायचा होता. आता मी बघितला तो धातूचा की तुमच्या हळदीचा, हे मला कसं कळणार? वाईट निघाला असता तरी काही कळलं असतं. आता काहीच कळलं नाही. तीन महिने आणि बारा ससे."

"साहेब, नऊ नंबरचा..."

"एका सशावर मी काही म्हणू शकत नाही. त्याला घाण लागलीच नसेल असं सांगता येत नाही." त्यांनी वही मिटली. "तुम्ही का केलंत हे मी विचारत नाही. पण काल रात्रीपर्यंत मी मोठ्या डॉक्टरांसाठी, चालेल असा लेखी अहवाल लिहायला बसलो होतो, हे लक्षात ठेवा."

"उद्याचा गुरुवार?" मी विचारलं.

"उद्या नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून."

घरी यजमानांनी आंघोळीला पाणी तापवून ठेवायला सांगितलं होतं, उद्या लवकर निघायचं म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं. ते एकच म्हणाले, "लावलीस ती लावलीस. सांगायला कशाला गेलीस?" आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. आठ-दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट सरकवलं की जेवायचे. नळावरच्या बायकांना कळलंच, मी नाही सांगितलं तरी. कुणी म्हणे हिनं नवऱ्याचं नशीब फिरवलं, कुणी म्हणे सशांना हळद लावायची म्हणजे लग्न लावायचं होतं की काय.

भागीदार हिशेब बघायचे. ते तिसऱ्या दिवशी वही घेऊन आले आणि पायरीवर उभे राहून म्हणाले, "एका सशाला तीन रुपये सहा आणे पडले. बारांचे चाळीस रुपये आठ आणे. डॉक्टर म्हणतात सोडून द्या. ते डॉक्टर आहेत, त्यांना सोडता येतं. मी दरमहा दोन रुपये कापीन. हळदीचे पैसे लावत नाही, ती तुमचीच होती."

पगार तीस रुपये होता. मी मान हलवली. तिथून काढून टाकलं नाही, हेच मला जास्त वाटलं.

नवीन ससे आले, नवीन तुकडे आले. तुकडे उकळायच्या आधी डॉक्टरांनी ते मांडून ठेवायला सांगितले होते. पांढऱ्या फडक्यावर एकेक ठेवत होते तेव्हा माझं लक्ष गेलं. उजवीकडच्या, इथल्या तुकड्यांखाली फडक्याला काळसर डाग पडत होते. परदेशी तुकड्यांखाली नाही. मी एक तुकडा फडक्यानं पुसला. काळं निघालं. पुन्हा पुसला. पुन्हा काळं. आम्ही बायका भांडी घासून घासून हे ओळखतो. वरून लखलखीत दिसणारं भांडं फडक्यानं पुसलं की कळतं, नीट खंगाळलंय की नाही. पण पुन्हा तोंड उघडायचं माझं धाडस नव्हतं. मी फडकं घेऊन गेले आणि डॉक्टरांच्या पुढं टेबलावर पसरलं.

त्यांनी बघितलं. स्वतः एक तुकडा उचलून पुसला. मग विचारलं, "याला उकळलं तर जाईल का हो हे?"

मला विचारत होते. मी म्हटलं, "नुसत्या उकळण्यानं नाही जायचं. चिकट आहे."

त्यांनी कारखानदाराकडं माणूस पाठवला तेव्हा कळलं. पट्टी चकचकीत व्हावी म्हणून शेवटी तिला चरबीत कालवलेली बारीक भुकटी लावून चाकावर घासत, आणि मग नुसत्या चिंधीनं पुसून देत. एरवी तिथं दाराच्या कड्या घाऊक करायची सवय होती, कड्यांना कोण धुवत बसतं. डॉक्टरांनी सहा सशांना तुकडे आले तसे घातले, आणि सहांना तेच तुकडे आधी तेजाबात बुडवून, सोड्यानं घासून, तीनदा उकळून घातले.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

ते तीन महिने मी कसे काढले ते मला नीट आठवतही नाही. काही करायचं नाही, हेच काम होतं. पहिल्या सहांना सूज आली. मग पू आला. मी वजन घ्यायची, ताप बघायची, लिहायची, सूज, सूज, पू, आणि पिंजरा लावायची. मावशी भारा टाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्यापरीस खाटीक बरा. त्यो एकदाच मारतो." एकदा त्यांनी आपल्या हातानं हळदीची पुडी पायरीवर ठेवली. मी ती उचलून त्यांच्या भाऱ्याच्या दोरीत खोचून परत दिली. त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा आखडून वागतात. दुसऱ्या सहांच्या जखमा सुकल्या. त्यांच्याकडं बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी तोवर इतकी दमले होते की तेही नुसतं लिहिलं, कोरडी.

उघडून बघितल्यावर तेच निघालं. धातू चांगला होता. त्याच्यावरची घाण वाईट होती. न धुतलेल्या तुकड्यांभोवती मांस काळं पडलं होतं, अगदी नऊ नंबरच्या सशासारखं. धुतलेले परदेशी तुकड्यांच्या बरोबरीचे. मोठे डॉक्टर भिंग खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तेव्हा जी पट्टी बसवणार होतो ती चरबीसकट बसवली असती." आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला ते बरं वाटलं.

यजमानांना धुतलेली पट्टी बसवली. पण या सगळ्यात आणखी तीन-चार महिने गेले होते, आणि मोडलेल्या हाडाची टोकं मेली होती. ती कापून काढावी लागली, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींना भिडल्या. पाय जुळला. पट्टी आत आहे, जखम सुकली, पू नाही, सूज नाही. मी रोज बघायची. लिहायला वही नव्हती, तरी मनात खान्यात भरायची. पण पाय एक इंच आखूड झाला. ते आता वखारीत बसून लाकडं मोजून घेण्याचं काम करतात. चपलेच्या टाचेला चांभाराकडून टायरचे थर लावून घेतले आहेत.

कधी रागात असले की म्हणतात, "हा एक इंच तुझ्या हळदीचा." कधी चांगल्या लहरीत असले की दुसऱ्या कुणाला तेच सांगतात, "बायकोनं सगळा पाय वाचवला, एक इंच फक्त हळदीला दिला." दोन्ही वेळा मला सारखंच वाटतं. गुरुवारी गेलो असतो तर पाय पूर्ण लांबीचा राहिला असता आणि आतून काळा पडला असता. सुरुवातीला हात लावला नसता तर तीन महिने आधीच सगळं कळलं असतं आणि इंचही गेला नसता. दोन्ही मीच केलं. याची बेरीज मला येत नाही.

पैसे मात्र दरमहा कापले गेले. पगाराच्या दिवशी भागीदार अठ्ठावीस रुपये पुढं सरकवायचे आणि वहीत दोनचा आकडा टाकायचे. मधे आणे जाऊन नवे पैसे आले. बाजारात हिशेब करताना सगळ्यांची डोकी दुखायची, पण माझे दोन रुपये दोनच राहिले. वीस महिने झाले.

आज एकविसावा. भागीदार म्हणाले, "आठ आणे राहिले. म्हणजे पन्नास नवे पैसे." त्यांनी पगार पूर्ण तीस रुपये पुढं ठेवला आणि हात पुढं केला. मी कनवटीची अधेली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, गल्ल्यात टाकली, वहीत माझ्या नावापुढच्या ओळीवर रेघ मारली आणि वही माझ्याकडं फिरवली. बारा ससे, चाळीस रुपये आठ आणे, फिटले, असं लिहिलं होतं. त्यांनी सही करायला सांगितली. मी सही केली.